बारा हजारांचे टायर की बावीस हजारांचे? (मृगाच्या आत सल्ला हवा)

पाटणमार्गे
मंडळी, गाडी बलेनो, साडेपाच वर्षांची, ५१ हजार किलोमीटर झालेत. टायर अजून गाडीबरोबर आलेलेच. परवा पंपावर हवा भरताना तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, पार गोटा झालेत. पाऊस पडायच्या आत बघा काहीतरी." खाली वाकून पाहिलं तर खरंच, नक्षी शोधावी लागतेय.

दोन दुकानांत विचारलं. साईज १८५/६५ आर १५. पहिल्या दुकानात कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा टायर, ३,१०० ला एक, बसवून बॅलन्सिंगसकट. वर दुकानदार म्हणाला, "ऑल सीझन आहेत साहेब, कुठलाही ऋतू बघायला नको." दुसऱ्या दुकानात सगळ्यांना माहीत असलेल्या कंपनीचा, ५,६०० ला एक. म्हणजे चारांचे १२,४०० की २२,४००. सरळ दहा हजारांचा फरक.

आमचं फिरणं असं: आठवड्यातून तीन दिवस कोथरूड ते हिंजवडी, आणि महिन्या-दीड महिन्यातून आईबाबांकडे चिपळूणला, उंब्रज-पाटण-कुंभार्ली असं. वर्षाला नऊ-साडेनऊ हजार किलोमीटर. सासऱ्यांचं मत: "टायर म्हणजे काळा, गोल आणि आत हवा. त्यात काय डावं-उजवं?" बायकोचं मत: दहा हजार वाचले तर फ्रिजचा विचार करता येईल.

दोन प्रश्न. स्वस्तातले घेऊन दर दोन-अडीच वर्षांनी बदलले तर बिघडलं कुठे? आणि हे ऑल सीझन काय प्रकरण आहे? आपल्याकडे एकाच ऋतूत चालणारे टायर मिळतात का?

रिकामा_हंडा
फ्रिज कुंभार्लीत ब्रेक लावत नाही. टायर घ्या.

निवृत्त_लालपरी
स्टेपनी धरून सांगताय की सोडून? चार बदलणार, पाचव्याचं काय?

काटकसर_कट्टा
मी उलटं सांगतो, शिव्या खायची तयारी ठेवून. सोलापुरात आठ वर्षं गाडी चालवतोय. दोनदा टायर बदलले, दोन्ही वेळा स्वस्तातलेच. काही झालं नाही. आमच्याकडे पाऊस किती, तर पोरं होड्या करेपर्यंत थांबलेला असतो. घर, दुकान, मुलीची शाळा, वर्षाला तीन हजार किलोमीटर. महागाचे घेतले तर नक्षी झिजायच्या आधी रबरच कडक होऊन जाईल. मग ५० हजार किलोमीटर चालणारा टायर मी काय माळ्यावर ठेवून नातवाला देऊ?

रिकामा_हंडा
काटकसरराव, धागाकर्ते कुंभार्ली उतरतात. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा उतार म्हणजे रेल्वे पुलाचा.

काटकसर_कट्टा
तो पण पावसात बुडतो हो.

गणितमास्तर
दोन हिशेब मांडतो. सुट्टी चालू आहे, हात शिवशिवतायत.

पहिला पैशाचा. स्वस्तातले २५ हजार किलोमीटर टिकले आणि चांगले ४५ हजार, असं धरा (हे माझे अंदाज, कुणाचे दावे नाहीत). १२,४०० भागिले २५,००० म्हणजे किलोमीटरला साधारण ५० पैसे. २२,४०० भागिले ४५,००० म्हणजे तेही साधारण ५० पैसे. म्हणजे तुमचे दहा हजार वाचत नाहीतच, फक्त आजचा खर्च दोन वर्षं पुढे जातो. शिवाय दर बदलीला अलाइनमेंट आणि तुमचा एक रविवार.

दुसरा हिशेब ब्रेकचा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक (टायर रस्त्याला किती धरतो त्याचा आकडा) गुणिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट. ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षणांक ०.७ धरा, दुसऱ्याचा ०.५. पहिली गाडी ३६ मीटरवर थांबते. दुसरी ५० मीटरवर. चौदा मीटर जास्त, लोक म्हणतील ठीक आहे, थांबली ना. पण विचार असा करा: जिथे पहिली गाडी उभी राहिली, त्या जागेवर दुसरी अजून ताशी ४२ च्या वेगाने पुढे जातेय. तिथे एसटीचा मागचा बंपर असला तर?

यात ड्रायव्हरचा ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो दोघांना सारखाच.

पाटणमार्गे
मास्तर, हा ४२ चा आकडा बायकोला वाचून दाखवला. फ्रिजचा विषय तूर्त मागे पडला आहे.

झिम्मा_झिपरी
पण मास्तर, ०.७ आणि ०.५ आलं कुठून? स्वस्तातला म्हणजे ०.५ आणि महाग म्हणजे ०.७ असं थोडंच लिहिलेलं असतं?

गणितमास्तर
बरोबर पकडलंत. उदाहरणादाखल घेतलेले आकडे आहेत. महाग टायरसुद्धा ओल्यात सुमार निघू शकतो. किंमत हा पुरावा नाही, हे मान्य.

पन्हाळ्याचा_टायरवाला
नमस्कार. सोळा वर्षं टायरचं दुकान हाय, म्हणून बोलतो. कंपनीची नावं घेणार न्हाई, सगळ्यांचाच माल इकतो.

गिऱ्हाईक दुकानात आलं की पयला प्रश्न काय इचारतंय? "किती किलोमीटर पळंल?" सोळा वर्षांत एका माणसानं इचारलं न्हाई की "पावसात कितीत थांबंल?" आन कंपन्यांना पण ते ठाऊक हाय. रबर कडक केलं की टायर झिजत न्हाई, लई पळतोय, गिऱ्हाईक खूश. पण कडक रबर ओल्या डांबराला धरत न्हाई. मऊ केलं की धरतंय, पण लवकर झिजतंय. दोन्ही पायजे असंल तर रबरात सिलिका घालावी लागती, नक्षी नीट काढावी लागती, त्याला पैसा पडतो. तुमच्या ३,१०० च्या टायरात त्यो पैसा कुठनं यायचा?

तवा दुकानात गेल्यावर हे बघा.

तारीख. टायरच्या बाजूला डॉट (डी-ओ-टी ही इंग्रजी अक्षरं) लिहिलेलं असतंय, त्याच्या शेवटचे चार आकडे. ४८२५ म्हंजे २०२५ सालचा अठ्ठेचाळिसावा आठवडा. काय टायरला हे चार आकडे एकाच बाजूला असत्यात, ती बाजू आत गेली की दिसत न्हाईत, म्हणून बसवायच्या आधीच बघायचं. दोन वर्षं गोडाऊनात पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

आयएसआयचा शिक्का. मोटारीच्या टायरला त्यो सक्तीचा हाय. नसला तर हात लावू नका.

साईजच्या पुढचा आकडा. १८५/६५ आर १५ च्या पुढं ८८ एच असं काय तरी असंल. ८८ म्हंजे एक टायर ५६० किलो पेलतो, एच म्हंजे ताशी २१० पर्यंतचा वेग. दाराच्या खांबावर नायतर पुस्तकात तुमच्या गाडीचा आकडा हाय. त्याच्या खालचा टायर कुणी फुकट दिला तरी नको.

आन एक. जून २०२० पासनं बाहेरच्या देशातनं टायर आणायला सरकारचा परवाना लागतोय. त्यामुळं कधी नाव न ऐकलेला परदेशी टायर कमी भावात दिसला, तर आधी तारीखच वाचा.

बारक्या_मिसळीचा
टायरवाले दादा, नाद खुळा! हे छापून प्रत्येक पंपावर लावायला पाहिजे.

निवृत्त_लालपरी
सगळं बरोबर. स्टेपनीचं कुणी बोलेना.

ओहायोतली_ओवी
"ऑल सीझन" या शब्दावर थोडं. हा शब्द मूळ आमच्या इकडचा, अमेरिकेतला. इथे बहुतेक गाड्या कारखान्यातूनच ऑल सीझन टायर घेऊन येतात. अर्थ इतकाच की उन्हाळ्यात चालेल, पावसात चालेल आणि थोडंफार बर्फ पडलं तरी चालेल. तिन्हीकडे चालेल, तिन्हीकडे उत्तम नाही. आमच्या घरातल्या मल्टिपर्पज पावडरसारखं.

मी शिकायला आले तेव्हा पहिली गाडी सेकंडहँड, टायरही वापरलेलेच घेतले, चाळीस डॉलरला एक. जानेवारीत क्लीव्हलंडमध्ये एका लाल सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी अतिशय शांतपणे, काही घाई नसल्यासारखी, चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. नशीब, समोरून कुणी येत नव्हतं. मी नंतर पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं नुसती बसून होते. त्या आठवड्यात नवे चार घेतले, क्रेडिट कार्डावर, आणि दोन महिने डाळभात खाल्ला.

इथली एक युक्ती: एक सेंटचं नाणं नक्षीच्या खाचेत उलटं घालायचं. लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं तर टायर संपला. ते अंतर एका इंचाचे दोन-बत्तिसांश, म्हणजे आपले १.६ मिलिमीटर.

इथल्या टायरवर आणखी एक आकडा असतो, ट्रेडवेअर. शंभर हा पाया, चारशे म्हणजे त्याच्या चौपट टिकेल असं कंपनी म्हणते. शेजारी ओल्या रस्त्यावरच्या पकडीची इयत्ता असते: एए, ए, बी, सी. पन्हाळ्याच्या दादांचं गिऱ्हाईक इथेही आहे, तो पहिला आकडा वाचतो आणि दुसरा सोडून देतो.

पाटणमार्गे
आपल्या नाण्यावर लिंकन नाही. कसं मोजायचं?

बारक्या_मिसळीचा
रुपया घाला. सिंह गुरगुरला तर टायर बदला.

पन्हाळ्याचा_टायरवाला
नाण्याची गरज न्हाई. नक्षीच्या खाचेत आडवे बारके उंचवटे असत्यात, बाजूला त्रिकोण नायतर टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतंय. नक्षी घासून उंचवट्याच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरलं, टायर संपला. पण घाटात पावसाचं जायचं असंल तर तोवर थांबू नका. तीन मिलिमीटरला आला की बदला. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकायला जागाच उरत न्हाई.

म्युनिकची_माई
ओवी, तुझ्या ऑल सीझनला आमच्याकडे नाकं मुरडतात. आमचे शेजारी (वय ७४) वर्षातून दोनदा टायर बदलतात, ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी, बाकी उन्हाळी. जर्मन भाषेत दोन्ही शब्द ओने सुरू होतात, म्हणून म्हणच आहे, "ओ ते ओ". न वापरातले चार टायर ठेवायला गॅरेजवाले भाड्याने जागा देतात, त्याला चक्क टायरांचं हॉटेल म्हणतात. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "टायरला हॉटेल आणि मला हॉलमध्ये सोफा."

कायदा असा की रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, गोठलेलं पाणी असेल तर योग्य टायर हवेतच, नाहीतर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. पूर्वी टायरवर एम आणि एस ही अक्षरं असली तरी चालायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरांचा डोंगर आणि मधे हिमकण अशी खूण असलीच पाहिजे. ती चाचणी दिल्याशिवाय मिळत नाही. अक्षरं कंपनी आपली आपण छापू शकत होती. त्यामुळे "ऑल सीझन" असं कुणी तोंडी म्हणालं तर मी आधी खूण शोधते.

इथे प्रत्येक नव्या टायरला फ्रिजसारखं लेबल असतं: इंधन, ओल्यातली पकड, आवाज. पकडीची इयत्ता ए ते ई.

पाटणमार्गे
माई, फ्रिजचं नाव काढू नका हो. आत्ताच मागे पडलाय.

झिम्मा_झिपरी
म्हणजे धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पुण्यात ऑल सीझन म्हणून वेगळं काही शोधायला नको. आपल्याकडे बर्फ नाही, रबर सात अंशांच्या खाली कडक होतं म्हणून हिवाळी टायर करतात, ती वेळ कोथरूडला कधी येते? आपल्या दुकानात मिळणारा कुठलाही साधा टायर उन्हात-पावसात चालतो. प्रश्न फक्त पावसात किती चांगला चालतो एवढाच. दुकानदाराने "ऑल सीझन" म्हणून काही जास्तीचं दिलेलं नाही.

रिकामा_हंडा
आपले ऋतू तीनच. उन्हाळा, पावसाळा आणि खड्डे.

संत्र्याची_साल
तुम्ही सगळे पावसाचंच घेऊन बसले. बाप्पा, मे महिन्यात दुपारी समृद्धीवर येऊन पहा एकदा. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, सिमेंटचा रस्ता, सरळच्या सरळ, वरून ४५ डिग्री. तिथे टायरचा कस लागतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते, दुमडून तापते, तापून तापून पट्टा सुटते. लोक म्हणतात रस्त्यानं टायर फुटला. अर्ध्या वेळा हवा कमी, गाडीत सात माणसं, टपावर सामान आणि टायर आठ वर्षांचा. रस्ता बिचारा काय करंल?

मी स्वतः २०२३ मध्ये शिर्डीला जाताना मागचा टायर फोडला. सव्वाशेच्या वेगात होतो (मर्यादा १२० आहे, हो, माहीत आहे). टायर नामी कंपनीचाच होता, पण सात वर्षं जुना, बाजूला बारीक भेगा पडलेल्या. मीच पाहिल्या होत्या आणि म्हटलं दिवाळीनंतर बघू. तेव्हा महाग-स्वस्त सोडा, वय पहा. पाच वर्षं झाली की दरवर्षी दाखवून घ्या, आणि दहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी काढा.

निवृत्त_लालपरी
स्टेपनी चढवलीत ना तेव्हा? तिच्यात हवा होती?

संत्र्याची_साल
काका, खरं सांगू? नव्हती. टोइंगवाला बोलवला.

निवृत्त_लालपरी
हं.

काटकसर_कट्टा
नायट्रोजन भरला असतात तर फुटला नसता म्हणे.

गणितमास्तर
हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहेच. उरलेल्या २२ टक्क्यांचे दोनशे रुपये घेतात. दाब थोडा हळू उतरतो, एवढाच फायदा. महिन्यातून एकदा टायर थंड असताना हवा तपासलीत तर साधी हवा पुरते. आणि लांबच्या प्रवासात मधे तपासून दाब वाढलेला दिसला म्हणून काढू नका, तापल्यावर तो वाढणारच.

बारक्या_मिसळीचा
थोडं अवांतर: आमच्या पिढीने एमआरएफ हे नाव टायरपेक्षा सचिनच्या बॅटवर जास्त पाहिलंय. लहानपणी मला ती बॅटचीच कंपनी वाटायची.

म्युनिकची_माई
तिची सुरुवात १९४६ साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली. आणि भांडुपचा कारखाना असलेली सिएट मूळची इटलीतल्या तोरिनोची. नावातलं पहिलं अक्षर कावीचं, म्हणजे केबल. विजेच्या तारा करणारी कंपनी होती ती.

रिकामा_हंडा
फुगे, तारा, बॅट. सासरेबुवांचं चुकत नव्हतं, काळा आणि गोल असला की टायर.

सावित्रीकाठची
मी महाडची. माझा अनुभव लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

दोन वर्षांपूर्वी जुलैत पुढचे दोन टायर गेले होते. गॅरेजवाल्याने सांगितलं, पुढची चाकं ओढतात, पुढेच नवे टाका, मागचे अजून वर्षभर जातील. पटलं, पैसेही निम्मे. महागातले, अगदी नावाजलेले दोन टायर पुढे टाकले. आठ दिवसांनी मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या अलीकडे, मुसळधार, वळणावर रस्त्यात पाणी साचलेलं. वेग साठ-पासष्ट. पुढचं गेलं मस्त, स्टिअरिंगला काही जाणवलं नाही. आणि पुढच्या क्षणाला गाडीचं मागचं टोक माझ्या डाव्या हाताला मला मागे टाकून निघालं होतं. पूर्ण अर्धा फेरा. गाडी ज्या दिशेने आलो तिकडे तोंड करून मातीत उभी. मागच्या सीटवर सासूबाई, त्या म्हणाल्या, "आलो का?"

नंतर कळलं ते असं. पुढच्या टायरची पकड गेली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतं, पाय काढायला वेळ मिळतो. मागची गेली तर काही कळायच्या आत गाडी फिरते. म्हणून दोनच नवे घेतले तर ते मागे टाकायचे, चालवणारी चाकं पुढची असली तरी. जुने बरे असतील ते पुढे. हे टायर कंपन्याही सांगतात, पण गॅरेजात अजून उलटंच चालतं.

त्यामुळे माझा सल्ला: एवढ्या महागाचे दोन घेण्यापेक्षा मधल्या किमतीचे चार घ्या.

पन्हाळ्याचा_टायरवाला
ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. माझ्या दुकानात पण मागं टाकतो म्हटलं की गिऱ्हाईक भांडतंय.

झिम्मा_झिपरी
"आलो का?" वाचून चहा सांडला.

निवृत्त_लालपरी
मी एसटीत ३१ वर्षं वर्कशॉपला होतो. रिमोल्ड टायरला लोक नावं ठेवतात म्हणून लिहितो. एसटीचे स्वतःचे रिट्रेडिंगचे प्लांट आहेत. टायरचा सांगाडा चांगला असला की वरची नक्षी घासल्यावर त्यावर नवा थर चढवतात. विमानाचे टायरसुद्धा असेच पुन्हा पुन्हा चढवतात, ते कोण वाईट म्हणतं का? पण आमची शिस्त होती: नवा टायर पुढे, चढवलेला मागे जोडचाकाला, आणि सांगाडा तपासल्याशिवाय काही नाही.

मोटारीला मात्र रस्त्याकडेला जो "नव्यासारखा" टायर मिळतो, तो पुष्कळदा रिमोल्डही नसतो. गोटा झालेल्या टायरवर गरम पातीने नुसत्या खाचा कोरलेल्या असतात, वर काळा पॉलिश. खाचेत बोट घाला, तळाशी दोऱ्याचं कापड लागलं तर पळा.

आणि धागाकर्त्यांनी माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही.

पाटणमार्गे
काका, माफ करा. स्टेपनी २०२० ची, कधी खाली उतरलीच नाही. नवीकोरी आहे.

निवृत्त_लालपरी
न वापरलेली आणि नवी यात फरक आहे. साडेपाच वर्षं डिकीत भाजून निघालीय.

ओहायोतली_ओवी
काका ऐकत नसतात.

पाटणमार्गे
तीन आठवड्यांनी आलो. मृग लागला, टायर झाले. हकिकत सांगतो.

स्वस्तातले रद्द. महागातल्यांकडे गेलो, तर दुकानदाराने चार टायर काढले आणि मुलगा जॅक लावायला लागला. टायरवाल्या दादांचं आठवलं, म्हटलं थांब, तारीख दाखव. दोन टायर २०२५ च्या शेवटचे, दोन २०२३ च्या मधले. मालक म्हणे, "साहेब, रबर आहे, दूध नाही." मी म्हटलं मग नव्याचा भाव कशाला घेता? दहा मिनिटं वाद झाला. शेवटी आतून कुठूनतरी ताज्या तारखेचे दोन आणखी निघाले. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण तुम्ही बघून घ्या, एवढंच.

किंमत चारांची बावीसच्या जरा खाली आली. दुकानदार म्हणाला २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, त्याआधी आला असतात तर आणखी गेले असते. बायकोने लगेच विचारलं, फ्रिजवर किती आहे.

सावित्रीकाठची
अलाइनमेंट केलीत ना? नाहीतर नवे टायर एका कडेने खातील.

पाटणमार्गे
केली ताई. डावं पुढचं चाक बरंच बाहेर गेलं होतं. मेकॅनिक म्हणाला जुने टायर ५१ हजारांत गेले त्यात याचा वाटा आहे, नाहीतर अजून चालले असते.

काटकसर_कट्टा
बघा! अलाइनमेंट वेळेवर केली असती तर आज एकही टायर घ्यावा लागला नसता. मी काय म्हणत होतो?

गणितमास्तर
तुम्ही हे म्हणत नव्हतात.

काटकसर_कट्टा
मनात म्हणत होतो. असो, मी या वर्षी पण स्वस्तातलेच घेणार. पण तारीख बघून. आणि आयएसआय. आणि ८८.

रिकामा_हंडा
हा माणूस चार अटी घालून शेवटी महागातलेच घेऊन येणार, लिहून ठेवा.

पाटणमार्गे
काल चिपळूणला पोचलो. उंब्रजपासून पाऊस, कोयनानगरला धुकं, कुंभार्लीत वाहतं पाणी आणि पडलेली पानं. फरक कळतो का? खरं सांगायचं तर आवाज कमी झालाय आणि वळणावर गाडी जिथे सांगितली तिथे जाते, एवढंच. पोफळीच्या वर एका वळणावर एक म्हैस आडवी आली. ब्रेक मारला, थांबलो. जुन्या टायरवर थांबलो असतो का, ते मला माहीत नाही आणि म्हशीलाही.

संध्याकाळी बाबांनी अंगणात खाली वाकून टायरवर अंगठा फिरवला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "किती किलोमीटर पळतील?"

पन्हाळ्याचा_टायरवाला
माझं सतरावं वरीस सुरू झालं म्हणायचं.

म्युनिकची_माई
बाबांना सांगा, ओल्यात म्हशीच्या दोन पावलं अलीकडे थांबतात.

निवृत्त_लालपरी
उद्या परत निघायच्या आधी स्टेपनीची हवा बघा.

पाटणमार्गे
बघितली काका. १२ पौंड.